अलास्का हायवे: आठ महिन्यांत घनदाट जंगलातून रस्ता कसा काढला?

कॅनडातल्या डॉसन क्रीक गावातून निघायचं, युकॉन ओलांडायचं आणि अमेरिकेतल्या अलास्काच्या डेल्टा जंक्शनला पोहोचायचं. सुमारे २,२०० किलोमीटरचा हा प्रवास जगभरातल्या भटक्यांना खुणावतो. पण हा रस्ता पर्यटनासाठी बांधलेलाच नव्हता.

मग कशासाठी?

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्काला उर्वरित अमेरिकेशी जोडणारा रस्ताच नव्हता. मार्च १९४२ मध्ये सैन्य कामाला लागलं आणि नोव्हेंबरमध्ये रस्ता खुला झाला. दहा हजारांहून अधिक सैनिकांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. वर्णभेदामुळे त्यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. सामान्यांना या रस्त्यावर १९४८ पासून प्रवेश मिळाला.

वाटेत काय दिसतं?

लिआर्ड नदीजवळ गरम पाण्याचे झरे आहेत. याच परिसरात वुड बायसनचे कळप रस्त्याकडेला चरतात. १९४२ मध्ये घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या एका सैनिकाने वॉटसन लेकला आपल्या गावाची पाटी ठोकली. आज तिथे पाट्यांचं अख्खं 'जंगल' आहे. पुढे क्लुआनी सरोवराजवळच्या डोंगरउतारांवर पांढऱ्या डॉल मेंढ्या दिसतात.

याची किंमत कोणी मोजली?

रस्ता झाला तशी शिकार वाढली. म्हणून १९४३ मध्ये क्लुआनी परिसरात अभयारण्य करून शिकारबंदी घालण्यात आली. मात्र त्यामुळे पिढ्यान् पिढ्या तिथे शिकारीवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांनाही स्वतःच्याच भूमीत मज्जाव झाला. त्यांचे हक्क पुढे अनेक दशकांनी झालेल्या करारांमधून मान्य झाले.

आजचं संकट कोणतं?

युकॉनमध्ये काही ठिकाणी रस्त्याखालची जमीन वर्षभर गोठलेली असते. १९४२ मध्ये बुलडोझरने वरचं शेवाळ खरवडताच खालचा बर्फ वितळून चिखल झाला होता. मग सैनिकांनी शेवाळ तसंच ठेवून त्यावर लाकडाचे ओंडके अंथरले. आता तापमानवाढीमुळे तीच जमीन पुन्हा वितळते आहे. रस्ता खचतो, लाटांसारखा वरखाली होतो आणि डागडुजी संपत नाही.

प्रवाशांनी काय लक्षात ठेवावं?

अंधारात काळपट बायसन पटकन दिसत नाहीत आणि धडकेत प्राणी व माणूस दोघांचाही जीव जाऊ शकतो. त्यामुळे शक्यतो दिवसाउजेडी आणि सावकाश गाडी चालवणंच शहाणपणाचं. शेवटी, हे घर त्यांचं आहे आणि रस्ता त्यांच्या अंगणातून जातो.