तान्ह्या बाळाचे संगोपन आणि घरधन्याचे कर्तव्य

गाय व्याली म्हणजे वासरास चीक पाजावा, हे कोणाही शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. चिकावाचून वाढलेले वासरू रोगास लवकर बळी पडते, हा अनुभव त्याच्या घरी पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. परंतु त्याच घरात सून बाळंत झाली म्हणजे तिचे पहिले पिवळसर, दाट दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकावे आणि बाळास मधाचे बोट चाटवावे, ही चाल कित्येक ठिकाणी अद्यापि दृष्टीस पडते. गोठ्यात जे ज्ञान आहे ते माजघरात नसावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट होय.

हा विषय स्त्रियांचा. शेतकीच्या मासिकात त्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, लेकुरवाळ्या बाईने खुरपणीस जावे की नाही, घरच्या दुधापैकी किती विकावे, फवारणीची औषधे कोठे ठेवावीत, ह्या गोष्टी बहुधा घरधनीच ठरवितो. महसूल खात्यातील नोकरीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना असे दिसे की, पिकाची आणेवारी तोंडपाठ सांगणाऱ्या गृहस्थास आपल्या नातवाचे वजन मात्र ठाऊक नसे.

आईचे पहिले दूध हाच बाळाचा चीक होय. रोगापासून रक्षण करणारी द्रव्ये त्यात विपुल असतात. म्हणून जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळास अंगावर पाजावे, आणि पुढे पुरे ६ महिने आईच्या दुधाखेरीज दुसरे काही देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे द्यावे. वैशाखातील उन्हात बाळाचा घसा सुकेल अशी शंका येते. परंतु आईच्या दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असते. भरपूर पाणी व पोटभर अन्न आईस मिळाले पाहिजे. मध तर एक वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यात क्वचित असे जंतुबीज असते की, ते तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष उत्पन्न करते व बाळाचे अंग लुळे पडते.

खरी अडचण उभी राहते ती पेरणी-खुरपणीच्या दिवसांत. सकाळी शेतावर गेलेली बाई दिवस कलल्यावर परतते. मागे बाळास पाणी घातलेले दूध बाटलीने पाजतात. बाटली नीट स्वच्छ होत नाही, त्यामुळे हगवण लागते. आणि वेळच्या वेळी न पिळलेली गाय जशी आटते तसे आईचे दूधही आटत जाते. ह्यास उपाय असा की, पहिले ६ महिने तिला दूरच्या शेतावर पाठवू नये. तिच्या जागी रोजाने बाई लावावी. शेत वस्तीजवळ असल्यास बाळ तिच्याकडे पाजण्यास न्यावे. तेही न जमल्यास आईने हात धुऊन स्वच्छ भांड्यात दूध काढून, झाकून गार जागी ठेवावे आणि घरच्यांनी ते ३-४ तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे. आपल्या शेतात मजुरीस येणाऱ्या बाईचे मूल झाडाच्या झोळीत रडत असेल, तर तिला पाजण्यास वेळ देणे व त्याबद्दल रोज न कापणे, हेही मालकाचे कर्तव्यच होय.

६ महिने पुरे झाले की उष्टावण थाटाने होते, परंतु पुढे वरणाचे पाणी नि पातळ पेज ह्यांवरच पुष्कळ बाळांची बोळवण होते. बाळाचे पोट लहान. ते पाण्याने भरले तर अन्नास जागा कोठे राहणार? चमच्यावरून वाहून जाणार नाही इतके दाट अन्न असावे. मऊ वरणभात तूप घालून, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, शिजविलेले अंडे, ह्यांपैकी घरी जे असेल ते द्यावे. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून २-३ वेळा व नवव्यापासून ३-४ वेळा. आईचे दूध २ वर्षांपर्यंत चालू ठेवावे. अंडी बाजारात नि दूध सगळेच डेअरीत, असा हिशेब करू नये.

पावसाळ्यात जुलाब लागले तर अन्न व अंगावरचे दूध तोडू नये. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ असता डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रोगी वाचविले. तेच आज ओआरएसच्या पुडीत मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ती सबंध विरघळवावी, थोडे थोडे पाजावे, आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. डोळे खोल गेले, बाळ मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

रांगते मूल हाती येईल ते तोंडात घालते. फवारणीचे औषध शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. मूळ डब्यातच, कुलपात असावे. विहिरीस कठडा व पाण्याच्या हौदास झाकण असावे.

शेवटी एक विनंती. सातबाऱ्याचा उतारा आपण जसा जपून ठेवितो, तसेच बाळाच्या लसीकरणाचे कार्ड जपावे. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाची लस कामाच्या गर्दीत चुकवू नये. दर महिन्यास अंगणवाडीत बाळाचे वजन करवून तो आकडा घरधन्याने स्वतः वाचावा. वजन थांबलेले दिसताच चौकशी करावी. रोप पिवळे पडू लागताच आपण करतो, तशीच.