चकाकी बोल्टला, झळ शरीराला

जुन्या मोटारी पुन्हा नव्यासारख्या करून चालविण्याचा नाद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावीही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसिडर, जुनी जीप किंवा आजोबांच्या वेळची बुलेट उघडून ठेवलेली दिसते. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यामुळे गाडी अगदी मुळाबरहुकूम दिसावी, असा आग्रह वाढला आहे.

हा आग्रह शेवटी नटबोल्टपर्यंत येऊन पोहोचतो. बिजागऱ्या, क्लिपा, कंस, वॉशर यांच्यावर मूळचा जस्ताचा पिवळसर किंवा पांढरा मुलामा असतो. बंपर व चाकांच्या टोप्यांवर क्रोम असते. गंज घासून काढला की हा मुलामाही जातो आणि उघडे लोखंड एका पावसाळ्यात पुन्हा तांबडे होते. प्लेटिंगचे कारखाने दूर, त्यातून मूठभर बोल्टांचे काम घ्यायला कारखानदार नाखूश. मग घरीच बादली, बॅटरी आणि दोन तारा घेऊन प्लेटिंग सुरू होते. छंद चांगला आहे. पण त्या बादलीत नेमके काय आहे, हे माहीत असल्याशिवाय तो करू नये.

कल्हई वेगळी, प्लेटिंग वेगळे

आपल्या घरांना मुलाम्याची ओळख आहे ती कल्हईमुळे. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथिल लावले की आंबट पदार्थ कळकत नाहीत. त्यामुळे मुलामा म्हणजे निरुपद्रवी गोष्ट, असा समज होतो. प्लेटिंगमध्ये मात्र धातू क्षाराच्या रूपात पाण्यात विरघळलेला असतो. विजेचा प्रवाह सोडला की तो बोल्टवर जाऊन बसतो. हा विरघळलेला धातूच कातडीतून, श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाऊ शकतो. दीड ते तीन व्होल्टच्या प्रवाहाने झटका बसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. भीती विजेपेक्षा पाण्याची आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

सगळे मुलामे सारखेच घातक नाहीत. त्यांच्या तीन पायऱ्या समजून घ्याव्यात.

जस्त : काळजी घेऊन करता येईल

व्हिनेगर, एप्सम सॉल्ट, थोडी साखर आणि जस्ताची पट्टी एवढ्यावर घरगुती जस्त-प्लेटिंग होते. तिन्ही प्रकारांत हाच सर्वांत सौम्य. तरीही ते पाणी पोटात गेल्यास मळमळ, उलट्या व पोटात कळा येतात.

खरा धोका पुढच्या टप्प्यात असतो. जस्तावर पिवळी झाक आणण्यासाठी बोल्ट ज्या पिवळ्या द्रावणात बुडवतात, त्याच्या जुन्या प्रकारात षट्संयुजी क्रोमियम असते. युरोपीय महासंघाने नव्या मोटारींच्या भागांवर असा मुलामा १ जुलै २००७ पासून बंद केला. त्याऐवजी त्रिसंयुजी क्रोमियमची द्रावणे मिळतात. ती कितीतरी कमी विषारी आहेत. बाटलीवर कोणते क्रोमियम ते लिहिलेले नसेल तर ती घेऊ नये. साधी पांढरी झाकही बोल्टला शोभते.

निकेल : एकदा जडले की जन्माची सोबत

निकेलचे हिरवे पाणी दिसायला मोहक असते. नकली कानातल्यांमुळे किंवा घड्याळाच्या पट्ट्यामुळे खाज सुटते, ती बहुधा निकेलचीच. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, भेगा, लस येणे असे इसब सुरू होते. शरीराने एकदा निकेलशी वैर धरले की ते सहसा आयुष्यभर सुटत नाही. पुढे साध्या चाव्या हाताळल्या तरी इसब उसळते. निकेलमुळे दमाही जडू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निकेलच्या संयुगांना १९९० मध्येच माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

त्याच हातांनी तंबाखू मळणे, विडी ओढणे किंवा चहाबरोबर बिस्किट खाणे म्हणजे निकेल स्वतःच्या हाताने तोंडात घालणे होय.

क्रोम : घरी कदापि नको

बंपरवरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्याखाली निकेल आणि बहुधा तांबे असते. एवढ्या पातळ थरासाठी क्रोमिक ॲसिडचे द्रावण लागते, आणि त्यात पुन्हा तेच षट्संयुजी क्रोमियम असते. या प्रक्रियेत बरीचशी वीज बुडबुडे काढण्यातच खर्च होते. बुडबुडे फुटले की विषाचा बारीक तुषार हवेत उडतो आणि तोच नाकात जातो.

क्रोमच्या कामगारांत नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडल्याचे वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. बोटांच्या पेरांवर खोल, गोल जखमा होतात. त्या फारशा दुखत नाहीत, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. क्रोमिक ॲसिड कातडीवर सांडले तर ते आत शोषले जाऊन मूत्रपिंडे निकामी करू शकते. पोटात काही ग्रॅम गेले तरी जीव जातो. रुमाल बांधून किंवा पंखा लावून हे काम सुरक्षित होत नाही. बंपर कारखान्यातच द्यावा.

सायनाइडची द्रावणे आणि कॅडमियमचा मुलामा यांनाही हाच नियम. सायनाइडमध्ये थोडे ॲसिड पडले तरी जीवघेणा वायू निघतो.

प्लेटिंगच्या आधीचे धोके

बहुतेक अपघात मुलामा देण्याआधी, गंज काढताना होतात. त्यातले नेहमीचे असे :

१) संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये बोल्ट टाकले की वाफा निघतात, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. त्याच मोरीत ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच पडले तर क्लोरीन वायू निघतो.

२) तेल-ग्रीस काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. डोळ्यात गेल्यास तो ॲसिडपेक्षाही अधिक खोल इजा करतो. डोळा जाऊ शकतो.

३) विजेने गंज काढताना पाण्यात मीठ घालू नये, त्यातून क्लोरीन निघतो. धुण्याचा सोडा वापरावा. दुसऱ्या टोकाला घरातला स्टीलचा चमचा लावू नये. स्टीलमध्ये क्रोमियम असते आणि ते षट्संयुजी रूपात पाण्यात उतरून पाणी पिवळे होते. साधी लोखंडी पट्टी लावावी.

४) प्रक्रियेत हायड्रोजन वायू निघतो. तो हलका असल्याने बंद शेडच्या पत्र्याखाली साठतो. हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने भडका उडतो. म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, विडी-काडी दूर ठेवावी आणि तारा काढण्यापूर्वी वीज बंद करावी.

गॅसने तापवलेला बोल्ट

गंजून अडकलेला बोल्ट गॅसच्या ज्योतीने तापवून सोडविण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यावर जस्त असेल तर पांढरा धूर निघतो. काही तासांनी, बहुधा संध्याकाळी, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. हिवताप समजून औषधे सुरू होतात. हा ताप बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो.

परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्यांच्या बोल्टवर मात्र कॅडमियमही असू शकते, आणि नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही. कॅडमियमचा धूरही सुरुवातीला तसाच साधा ताप वाटतो. पुढे फुफ्फुसात पाणी होऊन माणूस दगावू शकतो. धुराचे काम केल्यानंतर ताप व धाप लागली तर रात्र काढू नये, इस्पितळ गाठावे आणि कामाची माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने धुराचे विष उतरत नाही.

ब्रेकचे बोल्ट वगळा

ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये निघणारा हायड्रोजन कणखर पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. बोल्ट वरून चकचकीत दिसतो, पण भार आल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी एकाएकी तुटतो. ज्याच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असे आकडे आहेत, तो बोल्ट घरी कधीही प्लेट करू नये. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांचे बोल्ट व सर्व प्रकारच्या स्प्रिंगा यांनाही हेच लागू. कारखान्यात असे भाग प्लेटिंगनंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भाजून हायड्रोजन काढतात. येथे नवा, योग्य प्रतीचा बोल्ट घेण्यातच शहाणपण आहे.

उरलेले पाणी कोठे?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. म्हणजे एक ग्रॅम क्रोमियम २०,००० लिटर स्वच्छ पाणी या मर्यादेपर्यंत आणते. दहा हजार लिटरचे दोन टँकर! आपल्याकडे घरामागची विहीर किंवा बोअर शेडपासून किती अंतरावर असते, हे ज्याचे त्याने पाहावे. तमिळनाडूतील राणीपेट आणि उत्तर प्रदेशातील कानपूरजवळचे रानिया या गावांनी क्रोमियमच्या कचऱ्यामुळे भूजल खराब झाल्याचा अनुभव घेतला आहे.

वापरलेले द्रावण नालीत, शोषखड्ड्यात किंवा परसात ओतू नये. झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये नाव लिहून ठेवावे आणि सांडपाणी शुद्ध करण्याची सोय असलेल्या परवानाधारक प्लेटिंग कारखान्याला विचारून तेथे द्यावे.

एवढे जरूर पाळा

१) स्वयंपाकघरात, मोरीत किंवा माजघरात हे काम नको. भांडी व चमचे एकदा वापरले की ते परत स्वयंपाकात जाऊ नयेत.

२) डोळ्यांना बंदिस्त चष्मा, हातात लांब रबरी हातमोजे, पायात बंद बूट. कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

३) ॲसिड पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी ओतू नये.

४) कोणतेही द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नये. मुलांच्या हातून होणारे अपघात येथूनच सुरू होतात.

५) दमा, इसब असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी या शेडपासून दूर राहावे.

अपघात झाल्यास

डोळ्यात किंवा अंगावर द्रावण उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धुवावे आणि मगच इस्पितळात न्यावे. डोळा धुताना पापण्या उघड्या धराव्यात. भिजलेले कपडे काढावेत. सोडा, हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नये. क्रोमिक ॲसिडचा डाग लहान असला तरी डॉक्टरांना दाखवावा.

कोणी प्यायले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये; वर येताना ॲसिड अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजते. शुद्धीवर असल्यास तोंड धुऊन घ्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली बरोबर न्यावी.

थोडक्यात, साधे बोल्ट आणि बिजागऱ्यांना जस्त घरी द्यायचे तर उघड्यावर, काळजीने द्यावे. निकेलच्या वाटेला शक्यतो जाऊ नये, आणि क्रोम कारखान्यावर सोडावे. चार-पाच छंदिष्टांनी मिळून आपले बोल्ट एका पेटीत गोळा केले तर मूठभराचे किलोभर होतात, आणि मग कारखानदारही काम नाकारत नाही.