जुन्या चित्रातील व्यक्तीची ओळख

पनवेल, पेण, कर्जत या टापूंतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत कागदांसोबत चित्रे व छायाचित्रेही निघतात. कागदावर मिती व नाव असते; चित्रावर पुष्कळदा काहीच नसते. मागाहून कोणीतरी नाव जोडतो व तेच रूढ होते. हा प्रमाद किती दूरवर जातो, हे श्रीशिवछत्रपतींच्या चित्रावरून दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराजांचे म्हणून जे चित्र छापले जाई, ते वस्तुतः इब्राहिमखान नामक इसमाचे होते. पेणचे वा. सी. बेंद्रे यांस १९१९ साली डच संबंधांतील अस्सल चित्राचा माग लागला. १९३३ साली त्यांनी ते पुण्यास प्रसिद्ध केले. केवळ चेहरा पाहून ‘हेच ते’ म्हणणे हा पुरावा नव्हे. कारण ज्याच्याशी ताडावयाचे, तो चेहरा आपण पाहिलेलाच नसतो.

व्यक्ती हयात असेल तर गोष्ट निराळी. १९८४ साली पेशावरनजीकच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी एका अफगाण मुलीचे छायाचित्र घेतले. ते जगभर गेले. मुलीचे नाव मात्र कोणासच ठाऊक नव्हते. २००२ साली ते पुन्हा शोधास निघाले, तेव्हा ‘ती मीच’ म्हणणाऱ्या स्त्रिया एकाहून अधिक निघाल्या. अखेर डोळ्यांतील बुबुळांची रचना ताडून शरबत गुला हीच ती, असे ठरले.

मृतांच्या बाबतीत हे साधन नाही. तेथे काळाची कसोटी प्रथम लावावी. छायाचित्रणाची कला १८३९ साली जाहीर झाली व मुंबईत तिची संस्था १८५४ साली निघाली. नाना फडणीस १८०० साली वारले. सबब त्यांचे ‘छायाचित्र’ म्हणून जे दाखविले जाईल, ते फार तर रंगचित्रावरून उतरलेले असावयाचे. उलटपक्षी, पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके (१८४५–१८८३) यांचे छायाचित्र असणे शक्य आहे. परंतु शक्य म्हणजे सिद्ध नव्हे. दुसरी कसोटी छायाचित्रकाराच्या शिक्क्याची. त्याची पेढी त्या व्यक्तीच्या हयातीत चालू होती काय, हे पाहावे. यास्तव छायाचित्र मूळच्या पुठ्ठ्यापासून कदापि सोडवू नये. शिक्का बहुधा त्या पुठ्ठ्यावरच असतो. तिसरी कसोटी चित्र कोणाच्या हातून कोणाकडे आले, या परंपरेची.

ही परंपरा सांगणारी वृद्ध माणसे घरोघर आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे. संग्राहकांनी त्यांस चित्र दाखवावे, आणि कोणी, केव्हा, काय सांगितले ते निराळ्या कागदावर टिपून चित्रासोबत ठेवावे. ओळख पटली नाही तर ‘अज्ञात’ असेच लिहावे. चुकीच्या नावाने दोघांची हानी होते: ज्याचे नाव दिले त्याची, आणि ज्याचा चेहरा आहे त्याचीही.