मुद्राक्षरांची पारख

रोमन लिपीतील बास्करव्हिल आणि कॅस्लन हे टंक प्रथमदर्शनी सख्ख्या भावांसारखे दिसतात. दोहोंच्या रेघांना टोकाशी बारीक पाय फुटलेले असतात. जाणकार मात्र सबंध पान न्याहाळीत बसत नाही. तो लहान लिपीतील ‘जी’ शोधतो. या अक्षराचा खालचा फासा बास्करव्हिलमध्ये उघडा राहतो, कॅस्लनमध्ये मिटतो.

देवनागरीतही हीच युक्ती चालते. आरंभीचे व अखेरचे पान गळालेला एखादा ग्रंथ हाती आला म्हणजे तो कोठे छापला असावा, याचा पहिला सुगावा अक्षरेच देतात. एकोणिसाव्या शतकात नागरी टंकांची दोन ठळक वळणे होती: एक मुंबईचे, दुसरे कलकत्त्याचे. अ, झ आणि ण ही त्यांच्यातील भेदाची प्रमुख अक्षरे होत. जुन्या उत्तरी वळणातील ण हा ‘र’ला दोन काने जोडल्यासारखा दिसे, तर झ हा ‘भ’ला शेपूट फुटल्यासारखा. आज आपण लिहितो ती रूपे मुंबईची. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे संस्कृत ग्रंथ देशभर गेले आणि त्यांच्याबरोबर हे वळणही सर्वांच्या डोळ्यांना परिचित झाले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानक वर्णमालेत मुंबईचेच अ, झ, ण स्वीकारले गेले. त्यामुळे त्यानंतरच्या पुस्तकात या तिघांची साक्ष निरुपयोगी ठरते. मग पाहावयाचे ते ल आणि श. मराठी ल म्हणजे दोन समान पाकळ्या. हिंदी ल उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकलेला. दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर हे नाव मराठी घराण्यातील राणीचे. पण हिंदी टंकात ते जुळविले की त्याच्या पहिल्याच अक्षराला दंड येतो!

संगणकाने हा गुंता वाढविला. युनिकोडमध्ये ल एकच आहे. त्याचे रूप टंक ठरवितो. काही टंकांत दोन्ही रूपे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदविल्याशिवाय मराठी रूप उमटत नाही. परिणामी कित्येक मराठी पुस्तके नकळत हिंदी वळणाने छापली जातात. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरण्यास सांगितले, ते याच संदर्भात लक्षात घ्यावे. आजच्या पुस्तकातील दंडाचा ल पाहून ते उत्तरेत छापले असे मानणे म्हणूनच धोक्याचे होय. मुद्रकाने टंक बदलला नाही, एवढेच त्यावरून कळते.