आजोबांचा लिनियर आणि नातवाचें नवें यंत्र

पुण्यांतल्या जुन्या वाड्यांत माळ्यावर काय सांपडेल याचा नेम नसतो. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं दिवाळीच्या झाडलोटींत त्यांच्या वडिलांचा ‘हीथकिट एसबी-२२०’ जातीचा लिनियर अँप्लिफायर निघाला. वडील हौशी रेडिओवाले होते. १९९३ सालीं किल्लारीच्या भूकंपानंतर अशाच हौशी मंडळींनीं निरोप पोंचविले, हें त्या घरांत अजून अभिमानानें सांगतात. नातवानेंहि परवाना मिळविला आहे. आपल्या शंभर वॉटांच्या नव्या ट्रान्सीव्हरला आजोबांचें यंत्र जोडावें, असें त्याच्या मनांत आलें. हेतु स्तुत्य खरा. पण सरळ तार जोडली असती, तर नवें यंत्र क्षणांत निकामी होण्याचा संभव होता.

याचें कारण असें. या लिनियरमधील रिलेच्या तारेवर सुमारें ११० ते १२० व्होल्टांचा एकदिश दाब असतो. पूर्वींच्या प्रेषकांतील दणकट रिले तो सहज सोशीत. नव्या यंत्रांत त्या जागीं पुष्कळदां लहानसा ट्रान्झिस्टर असतो, व कित्येकांची मर्यादा सोळा व्होल्टांच्या आसपासच असते. शिवाय रिलेचें वेटोळें सुटतांना दाबाचा उलटा झटका बसतो, तो निराळाच.

सोयरिकींत मध्यस्थ लागतो, तसा येथेंहि लागतो. तपकीर गल्लींत मिळणारा बारा व्होल्टांचा लहान रिले तें काम करतो. नव्या यंत्रानें फक्त त्याचें वेटोळें ओढावें, आणि त्याच्या अलग संपर्कांनीं लिनियरची तार चॅसिसशीं जोडावी. लिनियरचा एकदिश दाब तोडण्यास ते संपर्क समर्थ असावेत. लहान रिलेच्या वेटोळ्यावर डायोड उलटा बसवावा. त्याची पट्ट्याची बाजू धन टोंकाकडे असावी.

आणखी दोन गोष्टी. रिले पुरते मिटण्याआधीं शक्ति आली, तर संपर्क जळतात. म्हणून नव्या यंत्रांत प्रेषणास वीस-तीस मिलिसेकंदांचा विलंब ठेवावा. ‘एएलसी’ची जुनी तार मोकळीच सोडावी व शक्ति नव्या यंत्रावरूनच कमी ठेवावी. पहिली परीक्षा अँटेनावर न करतां डमी लोडवर करावी. परवान्यांतील शक्तिमर्यादा ओलांडूं नये, हें सांगणें नलगे.

मात्र खरा धोका यंत्राच्या पोटांत आहे. तेथें दोन ते तीन हजार व्होल्ट असतात, आणि वीज बंद केल्यावरहि कपॅसिटरांत भार उरूं शकतो. झांकण उघडण्यापूर्वीं प्लग उपटावा, कांहीं मिनिटें थांबावें, मीटरचा कांटा शून्यावर आलेला पाहावा आणि मगच चॅसिसला जोडलेल्या विरोधकयुक्त निरोधक दांड्यानें उरलेला भार उतरवावा. एकट्यानें हें काम कधींहि करूं नये.

आमच्या स्नेह्यांनीं नातवाला एवढीच अट घातली आहे : झांकण उघडावयाचें तें घरांतलें जाणतें माणूस शेजारीं असतां, आणि खोलीचें दार लहान मुलांना बंद करून.