ग्रहगणिताचा ताळा

पंचांगात अधूनमधून ‘मंगळ वक्री’, ‘शनी मार्गी’ असे शब्द छापलेले दिसतात. भविष्य पाहणारा त्यातून आपल्याला हवे ते काढतो, बाकीचे पान उलटतात. पण हे शब्द म्हणजे आकाशात दिसलेल्या एका कोड्याची नोंद आहे, आणि ते कोडे सुटायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. मंगळ एरवी ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतो. साधारण ७८० दिवसांतून एकदा तो मंदावतो, थांबतो, दोन-अडीच महिने उलट्या दिशेने चालतो आणि पुन्हा मार्गाला लागतो. गुरू आणि शनी तर जवळजवळ दरवर्षी असे करतात. असे का होते?

या प्रश्नाच्या पोटात खरे तर दोन प्रश्न आहेत. अमुक दिवशी ग्रह कुठे दिसेल, हा पहिला. तो तसा का फिरतो, हा दुसरा. ग्रहगणिताचा इतिहास सांगताना आपण या दोहोंची सरमिसळ करतो आणि मग कोणाला कशाचे श्रेय द्यायचे यात घोटाळा होतो.

मी पेशाने हिशेबनीस. खगोलशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’चे बोट धरून गेली वीस-बावीस वर्षे जुने ग्रहगणित वाचतो आहे, कागद-पेन्सिल घेऊन करून पाहतो आहे. हिशेबाच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर आहे, असे होत नाही. एकमेकींना खाऊन टाकणाऱ्या दोन चुकाही तेरीज जुळवून देतात. रक्कम बरोबर असूनही ती भलत्याच खात्यावर पडलेली असू शकते. मात्र तेरीज जुळली नाही, तर कुठेतरी चूक आहे हे निश्चित. ग्रहांच्या बाबतीत हेच घडत आले आहे.

आपल्याकडच्या सगळ्यांत लोकप्रिय करणग्रंथापासून सुरुवात करू. कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. पुढची तीन-चार शतके महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे त्यावरून होत. त्याचे कारण सोपे होते. ग्रह काढायला ‘अहर्गण’, म्हणजे एका ठरावीक आरंभापासून लोटलेले दिवस, मोजावे लागतात आणि हा आकडा प्रचंड फुगतो. गणेश दैवज्ञांनी ४०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे ११ वर्षांचे ‘चक्र’ धरले आणि मोठ्या आकड्यांचा गुणाकार-भागाकार टाळला. ज्या-चाप, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमिती, तीही वगळली. नाव ‘लाघव’ उगीच नव्हे.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच दिलेली यादी. कोणता ग्रह कोणत्या जुन्या पक्षाचा घेतला, हे तिथे स्वच्छ सांगितले आहे: सूर्य सौरपक्षाचा; चंद्रही त्याच पक्षाचा, पण नऊ कला वजा करून; गुरू आर्यपक्षाचा; शनीही आर्यपक्षाचा, पण पाच अंश मिळवून. पाच अंश का? तर आकाशात शनी तिथे दिसतो म्हणून. जुन्या ग्रंथांचा मान राखूनही त्यांच्यातल्या एकालाही अखेरचा शब्द न मानणारी ही वृत्ती त्यांनी घरातच पाहिली होती. वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे; ग्रंथातला ग्रह आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह यांत अंतर पडते, तेव्हा पुढच्या गणकांनी आपल्या काळचे उदयास्त आणि युती पाहून गणित सुधारून घ्यावे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. या वृत्तीला आपल्याकडे शब्दही आहे, दृक्प्रत्यय.

पण शनीत मिळवलेले पाच अंश ही हिशेबनिसाच्या भाषेत जुळवणीची नोंद झाली. ती प्रामाणिक आहे. पण तूट का आली, हे ती सांगत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुधारले, दुसरा तसाच राहिला.

त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या जुन्या गणितात दडून बसलेले होते. सिद्धांतग्रंथांत आधी ‘मध्यम ग्रह’ काढतात, म्हणजे ग्रह सारख्या वेगाने फिरला असता तर कुठे असता ते. मग त्याला दोन संस्कार करतात. मंदफल हा ग्रहाच्या कमीजास्त वेगाचा संस्कार. शीघ्रफल हा वक्री गतीचा. मंगळ, गुरू, शनी या तिघांचे शीघ्रफल काढायला मध्यम सूर्याची जागा लागते. मंगळाच्या चालीत सूर्याचा काय संबंध? संबंध असा की आपणच पृथ्वीवर बसून सूर्याभोवती फिरत असतो. आपली एसटी दुसऱ्या गाडीला ओलांडून जाते तेव्हा ती गाडी क्षणभर मागे सरकल्यासारखी दिसते. पृथ्वी मंगळाला आतल्या बाजूने ओलांडते तेव्हा मंगळ वक्री दिसतो. शीघ्रफल ही पृथ्वीच्या गतीची रक्कम आहे, ती प्रत्येक ग्रहाच्या खात्यावर स्वतंत्र टाकलेली आहे.

बुधाचे उदाहरण आणखी बोलके आहे. ‘आर्यभटीया’त बुधाच्या शीघ्रोच्चाची एका महायुगातली, म्हणजे ४३,२०,००० वर्षांतली, भ्रमणे १,७९,३७,०२० दिली आहेत. भागाकार केला की एक भ्रमण सुमारे ८८ दिवसांचे येते. बुधाला सूर्याभोवती फिरायला लागणारा हा काळ आहे. आकडा इतका बरोबर, पण तो ‘शीघ्रोच्च’ नावाच्या एका गणिती बिंदूच्या नावावर. खुद्द बुधाची मध्यम गती मात्र सूर्याइतकीच धरलेली! रक्कम बरोबर, खाते चुकीचे. केरळचे नीळकंठ सोमयाजी यांनी इ. स. १५०० च्या सुमारास ‘तंत्रसंग्रहा’त ही नोंद बऱ्याच अंशी योग्य खात्यावर नेली. पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, या कल्पनेपर्यंत ते पोहोचले. युरोपात ट्युको ब्राहेने अशीच मांडणी सोळाव्या शतकाच्या शेवटी केली.

‘ग्रहलाघवा’नंतर तेवीस वर्षांनी, १५४३ मध्ये, कोपर्निकसचा ग्रंथ आला. त्याने सूर्य मध्ये ठेवला आणि वक्री गतीचे कोडे सोडवले. पण वर्तुळ त्याच्याकडून सुटले नाही. ग्रहांच्या जागा जुळवायला त्यालाही वर्तुळावर वर्तुळे चढवावी लागली. म्हणून चित्र बरोबर असूनही त्याचे आकडे जुन्या पद्धतीपेक्षा फारसे सरस नव्हते.

खरी कोंडी फोडली योहान्नेस केप्लरने. त्याच्या हाती ब्राहेने दुर्बिणीशिवाय घेतलेले मंगळाचे अचूक वेध होते. केप्लरने आधी एक असे वर्तुळ बसवले, की मंगळाच्या सूर्यापासून मोजलेल्या दिशा सुमारे दोन कलांच्या आत बरोबर येत. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. पण त्याने दुसरा ताळा करून पाहिला, तेव्हा मंगळाचे सूर्यापासूनचे अंतर चुकते असे दिसले. अंतर दुरुस्त करावे तर दिशा आठ कलांनी चुकू लागल्या. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाचा साधारण चौथा भाग. एवढ्यासाठी त्याने वर्तुळ सोडले, आणि १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे जाहीर केले. या गोष्टीतला तो पहिला, जुळलेला हिशेब मला अधिक मोलाचा वाटतो. जुळलेल्या हिशेबावरही संशय घेता येतो, हे तिथे दिसते.

ग्रह लंबवर्तुळात का फिरतो, हे १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाने सांगितले. आता तूट आली, तर तिचे कारण शोधता येऊ लागले. युरेनस गणितापासून किंचित ढळत होता. फ्रान्सच्या ल व्हेरिएने विचारले, एखादी नोंद राहिली असेल काय? त्याने अदृश्य ग्रहाची जागा काढून दिली आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून त्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला. मग बुधाच्या कक्षेतही तूट निघाली. आज ती शंभर वर्षांत ४३ विकला मानतात. एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. ल व्हेरिएने तीच रीत वापरली, सूर्याजवळ आणखी काही असले पाहिजे असे सांगितले. त्या कल्पित ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही पडले, पण तो कधीच सापडला नाही. या वेळी नोंद राहिलेली नव्हती, नियमच अपुरा होता. १९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि त्या ४३ विकला आपोआप निघाल्या. तूट तीच, रीत तीच; एकदा यश, एकदा अपयश.

याच शतकात आपल्याकडे हाच प्रश्न घराघरात येऊन ठेपला होता. ‘ग्रहलाघवा’वरची पंचांगे आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. त्यात नुसता हटवाद नव्हता. तिथी बदलली की एकादशी बदलते, श्राद्धाचा दिवस बदलतो. आई-वडिलांचे श्राद्ध कोणत्या दिवशी करायचे, हा प्रश्न विकलांचा नसतो. तरीही परंपरेचे नाव घेऊन ‘ग्रहलाघवा’ला चिकटून राहणाऱ्यांना शनीत पाच अंश मिळवणाऱ्या गणेश दैवज्ञांचा विसर पडला होता, असेच म्हणावे लागते.

एका बाबतीत मात्र आकाशही निवाडा देत नाही. ग्रह कुठे आहे हे वेध सांगतो. राशिचक्र कुठून मोजायचे हे माणसांनी ठरवायचे असते. छत्रे यांनी रेवती धरली, व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. अशा वादात दुर्बीण कामाची नाही, एकमत लागते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते घडवायचा प्रयत्न केला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

केतकरांचे नाव आले की व्याख्यानानंतर एक प्रश्न हमखास येतो: प्लुटो त्यांनीच शोधला ना? घडले ते असे. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले. गुरूच्या तीन आतल्या मोठ्या उपग्रहांच्या भ्रमणकाळांत जसे ठरावीक प्रमाण आहे, तसेच बाहेरच्या ग्रहांतही असावे, हा त्यांचा आधार. पहिल्या ग्रहाचे, ‘ब्रह्मा’चे, अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट आणि भ्रमणकाळ २४२.२८ वर्षे काढला. १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉम्बो यांना अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत प्लुटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट, भ्रमणकाळ सुमारे २४८ वर्षे. त्याच वर्षी केतकर वारले.

आकडे जुळले, म्हणून टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण ताळा पुढे नेऊन पाहू. ५९.५७ पट अंतरावरचा त्यांचा दुसरा ग्रह, ‘विष्णू’, सापडलाच नाही. खुद्द पर्सिव्हल लॉवेलचे भाकीतही असेच फसवे निघाले. त्याचा आधार होता युरेनसच्या गतीतील उरलेली तूट. पण १९७८ मध्ये प्लुटोचा उपग्रह सापडला आणि प्लुटोचे वस्तुमान इतके क्षुल्लक निघाले की त्याने युरेनसला ढळवणे अशक्य. १९८९ मध्ये ‘व्हॉयेजर २’ नेपच्यूनजवळून गेले, नेपच्यूनचे वस्तुमान नेमके कळले, आणि ते गणितात घालताच ती तूट नाहीशी झाली. प्लुटो सापडला तो टॉम्बो यांनी चिकाटीने तपासलेल्या छायाचित्रांमुळे. प्लुटो आणि नेपच्यून यांच्या भ्रमणकाळांत ३:२ असे प्रमाण खरोखरच आहे, हे पुढे १९६० च्या दशकात सिद्ध झाले. अशी प्रमाणे शोधण्याची केतकरांची दिशा अगदीच वाया गेली नव्हती. पण दिशा सापडणे म्हणजे ग्रह सापडणे नव्हे.

असे म्हटले की काहींना वाईट वाटते. मला वाटते, यात केतकरांचा मान कमी होत नाही, उलट योग्य जागी जातो. शाळेत शिकवून, स्वतः शिकून, आधुनिक ग्रहगणित ‘ज्योतिर्गणितम्’सारख्या ग्रंथांतून संस्कृतात आणणारा हा माणूस. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे यासाठी त्यांनी हयात घालवली. त्यांना एका योगायोगाचे मानकरी करणे म्हणजे त्यांची रक्कम भलत्याच खात्यावर टाकणे आहे.

पंचांगात ‘मंगळ वक्री’ असे दिसले, तर आठवड्यातून एक रात्र गच्चीवर जावे. मंगळाशेजारचे दोन तारे ओळखून त्याची जागा वहीत टिपावी, महिनाभर. पंचांग बरोबर आहे की नाही हे त्यातून कळेलच. आणि केशव दैवज्ञांनी पुढच्या गणकांवर टाकलेले काम थोडेसे आपल्याही हातून होईल.