खदानीचं पाणी उकळून भागत नाही

मागच्या पावसाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खदानीलगतच्या वस्तीत आम्ही आरोग्य तपासणीला गेलो होतो. विहाराच्या ओट्यावर बाया जमल्या. तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या ताईने विचारलं, "सिस्टर, आम्ही पाणी उकळूनच देतो. मग भीती नाही ना?" बाळाला दुधाची पावडर बोअरच्या पाण्यात कालवून दिली जात होती. बोअर नाल्याला लागून, आणि नाल्यात खदानीचं पाणी सोडलेलं.

उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले क्षार जात नाहीत. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते उलट दाट होतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. क्षारांवर दोन्हींचा उपयोग नाही.

खदान खोल गेली की भोवतालचं भूजल तिच्यात उतरतं. ते पंपाने उपसून बाहेर सोडतात. म्हणून शेजारच्या विहिरी आटतात आणि नाला मात्र बारमाही वाहतो. या पाण्यात कोळशाची भुकटी, यंत्रांचं तेल, खडकातले सल्फेट आणि सुरुंगाच्या दारूतला नायट्रेट येऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नसावा, असं भारतीय मानक सांगतं. तो जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. ओठ, नखं निळसर दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठा. अशा वस्तीत बाळाला आईचंच दूध सर्वांत सुरक्षित. सल्फेट वाढलं तर जुलाब होतात.

डोळ्यांनी यातलं काही ओळखता येत नाही, तपासणीच करावी लागते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. नायट्रेट संडासाच्या खड्ड्यातून आणि शेतखतातूनही येतो. म्हणून बोअरबरोबर नाल्याचेही तीन नमुने घ्या: खदानीचं पाणी मिळण्याच्या वर, मिळतं तिथे, आणि त्याच्या खाली. वरचं पाणी चांगलं आणि खालचं वाईट निघालं, तर बोट कुणाकडे दाखवायचं ते कळतं.

कायदा आहे. 1974 च्या जल कायद्यानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय सांडपाणी सोडता येत नाही. किती सोडायचं, कुठे सोडायचं, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. कोळसा खदानीच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला 100 मिलिग्रॅम आणि तेल 10 मिलिग्रॅमच्या आत हवं. अटी मोडल्या तर कलम 33अ खाली मंडळ काम बंद करू शकतं, वीजही तोडू शकतं. शिवाय पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल खदानीला दर 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. माहिती अधिकारात 10 रुपयांत हे कागद मागता येतात.

अडतं ते अंमलबजावणीत. चंद्रपूरला केंद्रीय मंडळाने 2009 मध्येच अतिप्रदूषित ठरवलं होतं. आमच्या वस्तीने तक्रार केली. अधिकारी आले त्या दिवशी पंप बंद, नाला नितळ. पाहणीत काही आढळलं नाही, असा शेरा पडला.

तेव्हा बायांनी एक वही केली. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता सुटलं, रंग कसा होता, फोटो कुणी काढला, सगळं त्यात. लिहिता न येणाऱ्या आजी वेळ सांगतात, नात लिहिते. दोन महिन्यांत दिसून आलं की काळं पाणी बहुतेक रात्री दहानंतर सुटतं. दुसरी तक्रार वहीची प्रत जोडून केली. रात्री येऊन नमुना घ्या, अशी मागणी केली आणि पोच घेतली. आपली बाटली तक्रारीला बळ देते. पण न्यायालयात टिकतो तो मंडळाने कलम 21 प्रमाणे रीतसर घेतलेला नमुना.

ते अधिकारी अजून रात्री आलेले नाहीत. वही चालू आहे. त्या ताईच्या बोअरमध्ये नायट्रेट मर्यादेच्या वर निघाला. बाळासाठी पाणी आता ग्रामपंचायतीच्या तपासलेल्या नळावरून येतं, एक किलोमीटरवरून, डोक्यावर.

तुमच्या वस्तीलगत खदान असेल, तर तक्रारीच्या आधी वही सुरू करा.